बंद शाखेचे रूळ

१

मंगळवार, १८ जानेवारी १९७२. दिवसभर भुरभुर पाऊस. संध्याकाळी वारा पडला आणि आमच्या हॅगशॉ गावावर धुकं उतरलं.

मंगळवारचं माझं ठरलेलं असतं. गिरणीतून घरी यायचं, टोस्टवर डब्यातले घेवड्याचे दाणे घालून खायचे, बहिणीने विणलेला मोहरीच्या फुलाच्या पिवळ्या रंगाचा मफलर गुंडाळायचा आणि चॅपलमागच्या शाळेच्या खोलीत जायचं. रविवारी तिथे मुलांना बायबल शिकवतात. मंगळवारी आम्ही चौघं तिथे छोटी रेल्वे चालवतो.

या वर्षी आम्ही आमचंच स्टेशन बांधायला घेतलं होतं. खोलीच्या तीन भिंतींलगत टेबलं आणि त्यांवर सगळं हॅगशॉ: फलाट, सिग्नलची केबिन, इंजिनाला पाणी भरायचा खांब, आणि स्टेशनाच्या पाठीमागून वळसा घेऊन इंजिनांच्या शेडकडे जाणारी एकेरी शाखा. माणसं अंगठ्याच्या पेराएवढी. ईस्टरला प्रदर्शन होतं आणि तिथले परीक्षक फार बारीक नजरेचे. मांडणीत एकच काळ दिसला पाहिजे. वाफेच्या इंजिनाशेजारी आजची मोटार उभी दिसली की गुण गेलेच. म्हणून काळ निवडायचा होता. वाफ, डिझेल की वीज, ते त्या संध्याकाळी ठरणार होतं.

"सगळीच विजेवर चालतात," खाटीक क्रॅबट्री म्हणाला. तो बोलताना नेहमी दुसऱ्याच्या बशीतलं बिस्किट उचलतो. "रुळातून वीज, पोटात मोटार. आपण नुसत्या वरच्या टोप्या निवडतोय. माझं मत तारांच्या गाडीला. हॅगशॉला खऱ्या तारा लागेपर्यंत मी काही जगत नाही, निदान टेबलावर तरी बघू दे."

"तारा ओढणार कोण? तू?" मिस्टर पिकल्स म्हणाले. "तुझी बोटं बघ. सॉसेजला तारा लावल्यासारखं होईल. आज जे आहे ते दाखवू. डिझेल. शेड ओसाड, शाखा बंद. स्वच्छ काम."

एक एक मत झालं. चौथा सभासद एबेल हॉयल, आमच्यातला एकटाच खरा ड्रायव्हर. आयुष्यभर त्याने याच शेडमधून वाफेची इंजिनं बाहेर काढली होती. छातीच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला होता. रविवारी मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला होता, "माझं मत तुझ्या खिशात घालून ने, विल्फ. वाफ." आणि मी म्हणालो होतो, "माझंही तेच. दोन झाली म्हणजे आपलंच."

"एबेलचं काय?" पिकल्स यांनी विचारलं. "काही बोलला का?"

मिस्टर पिकल्स गिरणीत माझ्या खात्याचे उपव्यवस्थापक आहेत. मार्चपर्यंत काही माणसं कमी होणार असं सगळीकडे बोललं जात होतं. ते माझ्याकडे रोखून बघत होते असंही नाही. काडीने पाइप साफ करत होते. त्यांनी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "एबेल काही बोलला नाही."

आणि मी डिझेलला हात वर केला.

२

दुसऱ्या दिवशी एबेलकडे गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. जिना चढताना वाक्यही जुळवलं होतं.

उशांना टेकून तो बसला होता. पलंगाशेजारी गॅसची शेगडी. कोळशाची चूल त्याची मुलगी हिल्डाने तीन वर्षांपूर्वीच बुजवून टाकली होती.

"कोण जिंकलं?" त्याने विचारलं.

"वाफ," मी म्हणालो.

पांघरुणावरचा त्याचा हात हळूच पुढे सरकला, जणू एखादा दांडा ढकलावा तसा, आणि थांबला. दारात हिल्डा सूपचा वाडगा घेऊन उभी होती.

"मिस्टर मिजली, बघा, तुम्ही आलात की चेहराच बदलतो त्यांचा," ती म्हणाली. "दर बुधवारी येत जा हो. आम्ही काही विचारलं तर आमच्या अंगावर खेकसतात."

"तुला रेल्वेतलं काय कळतंय," एबेल म्हणाला.

"मला तुमचे शर्ट धुण्यातलं कळतं, तेवढं पुरे."

पुढच्या मंगळवारी पिकल्स यांनी मला काम दिलं, शाखा बंद दाखवायची. बंद रुळांची खूण आम्हा लोकांना पक्की ठाऊक असते. चालू रुळाच्या बाजू गंजलेल्या असल्या तरी माथा चकचकीत असतो, कारण चाकं त्याला घासत राहतात. बंद रुळाचा माथाही गंजतो. मी बारीक कुंचल्याने शेडकडच्या दोन्ही रुळांच्या माथ्यावर तपकिरी रंग ओढला, स्टेशनापासून शेडच्या दारापर्यंत. रंग वाळला की त्या रुळांवर आता काहीच चालणार नव्हतं. रंगातून चाकांना वीज पोचत नाही. एबेलचं इंजिन फळीवर, सिगारच्या पेटीत, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं होतं. पितळेचा पत्रा कापून, कानशीने घासून त्याने ते स्वतः बनवलं होतं. बाजारातली इंजिनं त्याच्यापुढे खेळणी वाटत. माझा हात रंगवताना थरथरला नाही. हे लिहून ठेवतो, कारण तो थरथरला असता तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी एबेलने विचारलं, "चालवलंस माझं इंजिन?"

"चालवलं की."

"शेडपर्यंत?"

"अगदी आतपर्यंत," मी म्हणालो.

३

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी खोली उघडणारा मीच पहिला होतो. दिवा लावला, किटली चढवली आणि टेबलाशी आलो.

शेडकडच्या रुळांचा माथा चकचकीत होता.

बाजूंवर माझा रंग तसाच होता. फक्त वरची, चाक टेकतं तेवढीच पट्टी स्वच्छ झाली होती. कुणी घासकागदाने रूळ घासले तर कडाही खरवडतात, आणि रंगाचा चुरा खाली खडीवर पडतो. मी भिंग घेऊन बघितलं. चुरा नव्हता. वळणावर बाहेरच्या रुळाची आतली कड जास्त उजळली होती, जशी वळणावर चाकं रेटून उजळते तशी. हे कुणाला मुद्दाम करता येईल असं मला वाटत नाही. मला तरी येणार नाही.

"क्रॅबट्री, शाखेच्या रुळांना हात लावलास?" तो आल्यावर मी विचारलं.

"मी? तिकडे माझं पोट पोचत नाही," तो म्हणाला.

फळीवरची पेटी बंद होती. फ्लॅनेलची घडी एबेलने घातली होती तशीच. मी इंजिन बाहेर काढलं नाही. रुळांवर पुन्हा रंग ओढला आणि मिस्टर पिकल्स यांना काही बोललो नाही. त्यांनी "छान जमलाय गंज" असं म्हटल्यावर मी आभारही मानले.

मी स्वतःला समजावलं की रंग जुना असेल, डबा नीट ढवळला नसेल.

दुसऱ्या दिवशी एबेलने विचारलं (इंजिनाला तो 'ती' म्हणे), "पाणी भरलंस का तिला? शेडमधून निघताना पाणी घेतल्याशिवाय मी कधी हललो नाही."

मी हो म्हणालो. आजारी माणसाला आणखी काय म्हणणार, असं घरी येताना मनाशी म्हणत होतो.

निघताना बघितलं तर हिल्डा खालच्या मोरीत उशीचे अभ्रे घासत होती. "हे बघा," तिने मला एक दाखवला. त्यावर काळी, बारीक पूड होती. "घरात कोळसा नाही, चूल नाही. आणि हे दर मंगळवारी रात्री असे होतात. खोकल्यातून येत असेल म्हणतात डॉक्टर. इतक्या वर्षांचा धूर छातीत साठलेला."

पुढच्या मंगळवारी मी आधी टेबलावरच्या पाण्याच्या खांबाकडे गेलो. तो खांब काडीपेटीतल्या काडीहून थोडा उंच, आणि त्याची नळी म्हणजे एक वाकवलेली तार. आत पोकळी नाही. मीच बनवलाय.

त्याच्याखालची खडी ओली होती. रुळांमधली तेवढीच, शिलिंगच्या नाण्याएवढी. मी वर छताकडे बघितलं, खुर्चीवर चढून हात लावून बघितला. छत कोरडं होतं. बोट ओल्यात बुडवून हुंगलं. पाणी आणि थोडं तेल.

रूळ चकचकीत होते.

४

९ फेब्रुवारीला जिना चढताना मी ठरवलं की आज काहीच सांगायचं नाही. हवापाण्याचं बोलायचं, खाणकामगारांच्या संपाचं बोलायचं, आणि निघायचं. म्हणजे टेबलावरही काहीच चालणार नाही. खरं सांगण्याचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, हेही इथे नोंदवतो. पिकल्स त्या आठवड्यात खात्यात यादी घेऊन फिरत होते.

एबेल बराच खंगला होता. पण बोटं मात्र पांघरुणावर कामात होती.

"सांग ना," तो म्हणाला.

"संप लांबणार असं दिसतंय."

"ते हिल्डा पेपरातून वाचून दाखवते. माझ्या इंजिनावर ड्रायव्हर कोण असतो?"

आमच्या मांडणीत इंजिनात बाहुल्या बसवायची पद्धत आहे. एबेलने आपल्या इंजिनात कुणीच बसवलेलं नव्हतं. जागा रिकामी ठेवली होती. विचारलं की म्हणायचा, येईल कुणीतरी.

त्याने वाट बघितली. त्याच्या डोळ्यांत इतकी साधी अपेक्षा होती की मला ती सहन झाली नाही.

"तुम्हीच," मी म्हणालो. "दुसरं कोण असणार?"

"आणि फायरमन?"

"एबेल, आता झोपा थोडं."

"फायरमनशिवाय निघता येत नाही, पोरा. कोळसा कोण टाकतो?"

खाली हिल्डा कपबशा आवरत होती. मला घरी जायचं होतं. नुसतं तेवढ्यासाठी, उठून जाता यावं म्हणून, मी म्हणालो, "मी टाकतो."

तो हसला. "वाटलंच मला," तो म्हणाला. "पाठ वाकव जरा जास्त. उभ्याने टाकलास तर मागे सांडतो."

५

त्या आठवड्यापासून संपामुळे कोळसा तुटला आणि वीज पाळीपाळीने जाऊ लागली. कोणत्या भागात कधी अंधार होणार ते पेपरात छापून येई. १५ तारखेच्या मंगळवारी आम्ही डिझेल चालवत होतो आणि ठरल्या वेळी सगळं थांबलं. पिकल्स आणि क्रॅबट्री पबकडे गेले. "तिथे मेणबत्त्यांवर बिअर जास्त चांगली लागते," क्रॅबट्री म्हणाला. "येतोस?" मी कुलूप लावून येतो म्हणालो.

मी अंधारात कोट शोधत होतो. खोलीत वीज नव्हती, म्हणजे त्या टेबलावर हलू शकेल असं काहीही नव्हतं. आमच्या इंजिनांचा आवाज मला पाठ आहे. आतली मोटार डासासारखी गुणगुणते. तो आवाज नव्हता.

होता तो खरखर आवाज. लोखंडाच्या पत्र्यावर लोखंड सरकावं असा, फार लहान. मग थांबला. मग पुन्हा. फावड्याने खडबडीत जमिनीवरून काही उचलावं, आणि मध्ये माणसाने दम घ्यावा, तेवढ्या अंतराने.

उंदीर, मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. आवाज थांबला, ऐकल्यासारखा.

मी कोट तिथेच टाकून बाहेर आलो. घरी आरशासमोर मफलर सोडताना कंबर दुखत होती. थंडीत चालल्यामुळे दुखते कधी कधी.

६

बुधवारी हिल्डाने दारातच सांगितलं, "त्यांना यायचंय. डॉक्टर म्हणाले, काय हवंय ते करू द्या आता. शेजारच्या ब्रॉडबेंटची गाडी सांगितलीय. मंगळवारी त्यांना ते इंजिन चाललेलं एकदा बघू द्या. तुम्ही व्यवस्था कराल ना?"

मी पेपर काढला आणि वेळापत्रक बघितलं. हॅगशॉत मंगळवारी सहा ते नऊ वीज जाणार होती.

"सात वाजता आणा," मी म्हणालो. "तेव्हा सगळे मोकळे असतात."

माझा हिशोब असा होता: अंधारात काही चालणार नाही, डिझेल दिसणार नाही, मी त्याचं इंजिन फलाटाशी लावून ठेवीन, मेणबत्तीत तो ते बघेल, हळहळेल, आणि घरी जाईल. पिकल्स यांना मी कळवलं की अंधार आहे तर येऊ नका. क्रॅबट्रीलाही. सगळं व्यवस्थित जुळवलं होतं. हा बेत लिहितानाही मला कागदावरून नजर उचलावीशी वाटत नाही.

२२ तारखेला ब्रॉडबेंटने त्याला उचलून आत आणलं आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसवलं. केवढासा झाला होता तो. ब्रॉडबेंट गाडीत जाऊन बसला. हिल्डा मागच्या खोलीत गॅसवर चहा करायला गेली. एका मेणबत्तीच्या उजेडात आम्ही दोघंच राहिलो.

"फार वाईट झालं, एबेल," मी म्हणालो. "वीज नाही. आज काही चालणार नाही."

"वाफेला वीज केव्हापासून लागायला लागली?"

मी हसण्याचा प्रयत्न केला. इंजिन फलाटाशी उभं होतं, मीच तासाभरापूर्वी ठेवलेलं. रिकामं. ठेवताना आत बघितलं होतं.

"एबेल, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय."

"डिझेल," तो म्हणाला. "क्रॅबट्रीने सांगितलं. पहिल्याच आठवड्यात. दुकानातली मेंढीची किडनी घेऊन आला होता माझ्यासाठी. चांगल्या मनाचा आहे, पण तोंडात तीळ भिजत नाही त्याच्या."

मेणबत्तीचं मेण माझ्या हातावर ओघळलं. मला ते उशिरा कळलं.

"मग दर बुधवारी मला का विचारत होतात?"

"तू सांगत होतास तोवर चालत होतं ते." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. "रस्ता दे, विल्फ."

सिग्नल खाली आल्याशिवाय ड्रायव्हर निघत नाही. आमच्याकडेही तोच नियम, टेबलावरसुद्धा. केबिनच्या मागे लहान लिव्हर आहेत, ते मी ओढतो. माझं काम तेच. ओढला नसता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. त्याच्याकडे बघून नाही म्हणायची माझी पात्रता उरली नव्हती. मी शेडकडच्या शाखेचा सांधा लावला आणि लिव्हर ओढला. सिग्नलचा हात खट्कन खाली आला.

इंजिन निघालं.

गुणगुण नव्हती. झोपलेल्या माणसासारखा एक श्वास, मग दुसरा, मग जवळ जवळ. माझ्या नाकाशी कोळशाचा वास आला. ते फलाटावरून हळूच सुटलं आणि वळणाकडे आलं, म्हणजे माझ्याकडे. मागच्या उघड्या बाजूने आत लाल उजेड होता, काडीच्या टोकाएवढा. त्या उजेडात एकजण एका बाजूला टेकून उभा होता, हात दांड्यावर. दुसरा पाठमोरा वाकलेला. खरखर. सरळ. खरखर. सरळ. त्याच्या गळ्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. मोहरीच्या रंगाचं.

ते माझ्यासमोर आलं तेव्हा दुसऱ्याने फावडं टेकवलं, घाम पुसायला हात वर नेला, आणि तो मागे वळू लागला.

चेहरा दिसण्याआधी मी मेणबत्ती फुंकली.

अंधारात श्वास वळणावरून पुढे गेले, मंदावले, आणि शेडच्या जागी थांबले. मग लोखंड गार होताना करतं तसे टिकटिक आवाज.

"का विझवलीस?" एबेलने विचारलं.

मी एका आजारी माणसाला अंधारात बसवून भिंतीला चिकटून उभा होतो.

"असू दे," तो म्हणाला. "फायरमनला आगीच्या उजेडात दिसतं. आता शेडमध्ये उभी आहे ती. मी सुटेन त्या दिवशी बाहेर काढू. तू येईपर्यंत थांबतो मी. घाई नाही."

हिल्डा चहा आणि दुसरी मेणबत्ती घेऊन आली. "अंधारात बसलात होय दोघं," ती म्हणाली. इंजिन शेडच्या दारात होतं. आत कुणी नव्हतं. मी कप घ्यायला हात पुढे केला.

"अगंबाई, मिस्टर मिजली, हात केवढे काळे झालेत तुमचे. थांबा, आधी धुऊन या."

७

शुक्रवारी, २५ फेब्रुवारीला सकाळी एबेल हॉयल वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे हिल्डाने ते इंजिन फ्लॅनेलमध्ये गुंडाळून त्याच्या शवपेटीत ठेवलं. झाकण बंद होताना मी तिथे होतो.

मार्चमध्ये गिरणीतून माणसं कमी झाली. त्यांत माझं नाव नव्हतं.

शनिवार, १ एप्रिल, प्रदर्शनाचा दिवस. थंड, स्वच्छ ऊन, उत्तरेचा वारा. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मी शेडकडच्या रुळांवर रंगाचे दोन हात दिले होते. मांडणी उभी केल्यावर तिच्यावर झाकण घातलं, आणि परीक्षक येईपर्यंत मिस्टर पिकल्स तिच्याशेजारी बसून होते. हॅगशॉच्या मांडणीला दुसरा क्रमांक मिळाला, पहिला एका गुणाने हुकला. परीक्षकांचा शेरा: काम स्वच्छ, डिझेल गाड्यांची धाव उत्तम. बंद म्हणून दाखवलेल्या शाखेचे रूळ वापरातले दिसतात. दोन गुण वजा.